रोटोची नोकरी आणि तुझी चित्रं

चि. भाचीस,


मालाडच्या स्टुडिओतली रोटोची नोकरी घ्यावी, की उल्हासनगरातच राहून जीन्सवाल्यांची लेबलं आणि पुस्तकांची मुखपृष्ठं करावीत, असं तू विचारलंस. माझं मत विचारशील तर नोकरी घे, पण मुखपृष्ठं सोडू नकोस.

सिनेमातली करामत आणि पोटापाण्याची चित्रकला ही आपल्याकडे सुरुवातीपासून एकाच घरातली माणसं. फाळके जे.जे.त शिकले, लिथोच्या छपाईत राबले आणि मग सिनेमाकडे वळले. कोल्हापूरचे पेंटर बंधू नाटकाचे पडदे रंगवत. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले-फत्तेलालांनी १९३६ साली ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबांचं विमान आकाशात नेलं. आज त्याला व्हीएफएक्स म्हणतात.

रोटो म्हणजे दृश्यातल्या नटाभोवती रेघ आखून त्याला मागच्या चित्रापासून वेगळं काढणं, आणि तेही सेकंदाला चोवीस फ्रेम. पाच सेकंदांच्या शॉटमध्ये एकशे वीस वेळा नटाची बोटं, केस, ओढणीची कड तपासत रेघ सरकवायची. कंटाळा येईल, पण अंग कसं वळतं ते डोळ्यांत मुरेल. मात्र तिथेच रमू नकोस, कारण हे काम यंत्रं झपाट्याने शिकताहेत. वर्षभरात पेंट आणि कंपोझिटिंगकडे सरक. तुझी खरी जागा मॅट पेंटिंगमध्ये, म्हणजे दृश्यामागचा देखावा रंगवण्यात आहे, कारण तिथे चित्रकार लागतो. त्याचा अभ्यास दारातच आहे. पावसाळ्यात बदलापूरहून चंदेरीच्या डोंगराकडे बघ: जवळचा उतार गडद, मागचा निळसर, त्यामागचा जवळजवळ ढगात विरलेला. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं. त्याच्या बाहेरच्या भिंतीवरची एकच मूर्ती सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी काढ. उजेड कडेवर कुठे थांबतो आणि खाचेत कसा बुडतो, हे एकदा कळलं की कोणतंही सॉफ्टवेअर चालेल.

मग मुखपृष्ठं का सोडायची नाहीत? फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘लाइफ ऑफ पाय’ला व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं. त्यातला वाघ घडवणाऱ्या ‘ऱ्हिदम अँड ह्यूज’ने त्याच महिन्यात दिवाळखोरी जाहीर केली होती. त्यांचा एक स्टुडिओ मुंबईतही होता. वाघात खोट नव्हती. खोट व्यवहारात होती: रक्कम आधी ठरायची, दिग्दर्शकाचे बदल मात्र संपायचे नाहीत. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ही व्हीएफएक्स कंपनी कोसळली, तेव्हा तिच्या बंगळुरूतल्या पोरांवरही नोकरी गमावायची पाळी आली. म्हणून महिन्याला निदान एक बाहेरचं काम हाती ठेव. मात्र आधी नेमणूकपत्रात त्याला मनाई नाही ना, ते बघ.

त्या कामांचे नियम आजच ठरव. निम्मे पैसे आगाऊ. करेक्शन दोन, तिसऱ्यापासून वेगळा आकार. ओपन फाइल मागितली तर तिचा दर निराळा. ओळखीचा दुकानदार असला तरी सगळं लेखी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेल्या कामाचा हक्क सहसा मालकाचा. मोबदला घेऊन रंगवून दिलेल्या चित्राचाही, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाचाच. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. लेबलासाठी दिलेलं चित्र उद्या टी-शर्टवर छापलं तर काय, हे त्याच कागदावर उतरव.

तुझ्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या शोरीलमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त काही नको. शॉटमधला तुझा वाटा किती, ते स्पष्ट लिही. प्रदर्शित न झालेल्या सिनेमाची एक फ्रेमही कुणाला दाखवू नकोस, मैत्रिणीलासुद्धा.

आईला रात्रपाळीची काळजी आहे, आणि ती रास्त आहे. उशिरा सुटल्यावर घरी सोडायला गाडी मिळते का, बाँड किती वर्षांचा, आणि मध्येच सोडल्यास किती पैसे भरायचे, हे तीन प्रश्न सही करण्याआधी विचार. उत्तरं तोंडी नकोत, ईमेलवर घे. मग ते कागद घेऊन रविवारी ये. प्रत्येक कलम सोबत वाचू.

तुझा,
मामा
बदलापूर