खेद, खंत आणि अनुताप

इंग्रजी भाषेत ‘रिग्रेटफुल’ आणि ‘रिग्रेटेबल’ अशी एकाच मुळापासून निघालेली, दिसायला सख्ख्या बहिणींसारखी दोन विशेषणे आहेत. पहिले लागते ज्याच्या मनाला चुटपुट लागली आहे त्या माणसाला, आणि दुसरे लागते ज्या घटनेविषयी ती चुटपुट लागावी त्या घटनेला. लिहिणाऱ्यांकडून त्यांची वारंवार अदलाबदल होते आणि व्याकरणाची पुस्तके तिला किरकोळ प्रमाद मानतात. मला मात्र या भेदात धर्मविचारातील एक मोठा प्रश्न दडलेला दिसतो. ‘झाला प्रकार खेदजनक आहे’ असे जेव्हा एखादा अंमलदार लिहितो, तेव्हा त्या वाक्यात घटना असते, घटनेचे मूल्यमापन असते, फक्त ती घडवणारा माणूस नसतो. खेद मनातून उचलून घटनेच्या माथी ठेवलेला असतो आणि मन रिकामे झालेले असते.

आपल्या भाषेतही ही पळवाट आहेच. फारसीतून आलेल्या ‘दिलगिरी’चा मूळ अर्थ हृदयाला ग्रासणारे दुःख, परंतु कचेरीच्या वापराने झिजून ती आता केवळ ‘व्यक्त’ करण्यापुरती उरली आहे. याउलट ‘माझ्या हातून पाप घडले’ या आपल्या जुन्या वाक्प्रयोगाकडे पाहावे. पाप ‘घडले’ म्हणताना बोलणारा किंचित मागे सरतो हे खरे, पण ‘हातून’ या एका शब्दाने तो पुन्हा पकडला जातो. तो शब्द गाळून नुसते ‘पाप घडले’ म्हटले, की अनुतापाचा धनीच नाहीसा होतो.

धर्मशास्त्रकारांनी हे फार स्पष्टपणे ओळखले होते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीची जी साधने सांगितली आहेत, त्यांत पापाचे ख्यापन, म्हणजे आपण होऊन केलेला उच्चार, अनुतापाच्याही आधी येते, आणि ‘पुन्हा असे करणार नाही’ या निवृत्तीवाचून शुद्धी मानलेली नाही. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा जो चौथा खंड १९५३ साली प्रसिद्ध झाला, त्यात या प्रायश्चित्तविचाराचा विस्तार जिज्ञासूंना पाहता येईल. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या मानवतसारख्या, सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या गावात ‘तोबा’ हा शब्दही घरचाच आहे. आज तो उद्गारापुरता उरला असला, तरी इस्लामी धर्मविचारात तौबेला पापाचा त्याग, केल्याची नदामत म्हणजे पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय अशा तीन अटी आहेत. आणि अपराध दुसऱ्या माणसाच्या हक्काविरुद्ध असेल, तर ज्याचे त्याला परत केल्यावाचून किंवा त्याची क्षमा मिळवल्यावाचून ती पुरी होत नाही.

ही अखेरची अट मला सर्वांत कठीण वाटते, कारण ज्याची क्षमा मागायची तोच जिवंत नसेल तर काय? या प्रश्नाची, संत नामदेवांविषयीची आख्यायिका याच मुलखातली आहे. नामदेवांशी जोडलेली नरसी आणि औंढा ही गावे १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. नामदेव पूर्वायुष्यात वाटमारी करीत होते, त्यांनी चौऱ्यांशी स्वारांना ठार केले, आणि औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात भुकेने रडणारे मूल घेऊन बसलेल्या एका स्त्रीच्या तोंडून, तिचा पती त्याच स्वारांपैकी होता हे ऐकून त्यांचे हृदय विदीर्ण झाले, अशी ती कथा. तिच्या ऐतिहासिकतेविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत आणि नामदेवांच्या कोमल चरित्राशी ती जुळत नाही, असे मलाही वाटते. परंतु ज्यांनी ती रचली वा जपली, त्यांची नैतिक दृष्टी असामान्य होती. चौऱ्यांशी हा आकडा मारणाऱ्याला ठाऊक होताच. त्याने अनुताप उपजला नाही. तो उपजला एका पोराच्या भुकेने, आपल्या कृत्याचे फळ समोर बसलेले दिसल्यावर. आणि कथेत ती स्त्री त्याला क्षमा करीत नाही, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. पुढचे सारे आयुष्य त्याला त्या क्षमेवाचूनच जगायचे आहे.

पश्चात्ताप हा सद्गुण नव्हे, पश्चात्ताप करणारा दुप्पट दीन होतो, असे स्पिनोझाने १६७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिशास्त्रात म्हटले आहे. तैत्तिरीय उपनिषदही सांगते, की ब्रह्मानंद जाणणाऱ्याला ‘मी चांगले का केले नाही, मी पाप का केले’ ही चिंता जाळीत नाही. मी यांचा आदर करतो. पण ज्ञान्याची ती मुक्ती अज्ञान्याने उसनी घेतली, तर तिचे निर्ढावलेपण होते. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ च्या सुमारास एक उदाहरण मांडले: काहीही कसूर नसताना ज्याच्या मालमोटारीखाली मूल सापडते, त्या चालकाचे दुःख रस्त्यावरच्या बघ्याच्या दुःखाहून वेगळेच असते, आणि तसे नसेल तर आपल्यालाच त्या चालकाविषयी शंका वाटू लागते.

मग ज्याचा हात मुळीच नव्हता त्याचे काय? १९७२ ते १९७४ या काळात मानवतमध्ये स्त्रिया आणि लहान मुलींच्या ज्या हत्या झाल्या, त्यांमागे गुप्तधनाच्या लोभाने दिलेले बळी होते असा अभियोगपक्षाचा दावा होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, कोणी दोषी ठरले, कोणी सुटले. बाहेरच्या माणसाने मानवतचे नाव ऐकताच त्या प्रकरणाचा विषय काढला, तर येथील सामान्य नागरिकाने कोणता शब्द वापरावा? पश्चात्ताप त्याचा नव्हे, कारण कृत्य त्याचे नव्हे. आणि ‘खेदजनक’ म्हणून तो सुटू पाहील, तर तेही पुरेसे नाही, कारण मेलेल्या मुली त्याच्याच गावच्या होत्या. त्याच्यासाठी ‘खंत’ हाच शब्द मला यथार्थ वाटतो: जे आपण केले नाही, पण ज्याला आपलेपणाने आपण बांधलेले आहोत, त्याची बोचणी.

उपनिषदातल्या त्या दोन प्रश्नांपैकी पहिला, चांगले का केले नाही हा, येथेच लागू पडतो. महाराष्ट्राने २०१३ मध्ये नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला. धर्मशास्त्राच्या भाषेत ती समाजाची निवृत्ती, ‘पुन्हा असे करणार नाही’ ही प्रतिज्ञा होय. परंतु ख्यापन तिच्या आधीचे आहे, आणि ते विधिमंडळात होऊ शकत नाही. जमिनीत पुरलेल्या धनाची, ते राखणाऱ्या अदृश्य शक्तीची आणि तिला लागणाऱ्या भोगाची गोष्ट जेथे आजही सांगितली जाते आणि वडीलधारी माणसे ती न हटकता ऐकून घेतात, ते त्याच ओसरीवर व्हायला हवे.