आवाजाची अमानत

आपले गाणे रेडिओवर वाजावे, असा कलावंताचा हक्क असतो काय? प्रश्न साधा दिसतो. पण उत्तर शोधू लागलो की नियत, पैसा आणि इन्साफ ह्या तिन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो.

समजा, मिरजेतला एक तरुण आहे. सतार-तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांचे हे गाव. ह्या तरुणाने चार मराठी गाणी स्वतः लिहिली, स्वतः चाली लावल्या आणि पदरचे पैसे घालून ती ध्वनिमुद्रित केली. त्याच्या पाठीशी ना कंपनी आहे, ना चित्रपट, ना कुणाची ओळखदेख. तो एकामागून एक रेडिओ केंद्रांचे उंबरे झिजवतो. एके ठिकाणी 'हे फिल्मी नाही, आमच्याकडे चालणार नाही' असे ऐकतो. दुसरीकडे गाणी ठेवून घेतात आणि पुढे उत्तरच येत नाही. ह्याला अन्याय म्हणायचे का?

कोणी म्हणेल, यात अन्याय कसला? दिवसाचे तास चोवीसच. गाणारे हजारो. प्रत्येकाचे गाणे वाजवणे कोणत्याही केंद्राला शक्य नाही. हे म्हणणे आम्हाला मान्य आहे. वर्गात साठ मुले हात वर करतात, तेव्हा शिक्षकही साऱ्यांना बोलू देऊ शकत नाही. पण वर्षभर पहिल्या बाकावरच्या त्याच चार मुलांना विचारले आणि मागच्या बाकाकडे नजरही टाकली नाही, तर तो शिक्षक निर्दोष ठरत नाही. मागच्या मुलाचे उत्तर चुकीचे निघाले असते तरी चालले असते, ते ऐकायला हवे होते. म्हणून आमचे म्हणणे असे की, गाणे वाजवून घेण्याचा हक्क कोणालाच नाही, परंतु एकदा नीट ऐकले जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

दरवाजावर बसलेल्या माणसाची नियत चांगली असली म्हणजे इन्साफ आपोआप होतो, असे मात्र समजू नये. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. भारतीय संगीतातील सूक्ष्म स्वर ह्या पेटीतून निघत नाहीत, असा त्यामागे विचार होता. ती बंदी सैल व्हायला 1971 उजाडले. त्याच चाळीसच्या दशकात खाजगी आयुष्यावर बोट ठेवून अनेक गायिकांना रेडिओचे दार बंद करण्यात आले. गळ्याची परीक्षा बाजूला राहिली आणि घराण्याची, वस्तीची परीक्षा झाली. पुढे 1952 मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर हे पुण्यात जन्मलेले, संगीताचे जाणकार गृहस्थ. त्यांच्या काळात चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? त्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि घराघरांत पोचली. 1957 मध्ये विविध भारती सुरू करून आकाशवाणीला श्रोत्यांकडे परतावे लागले.

तरीही केसकरांच्या काळातली एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. कलावंतांची स्वरपरीक्षा तेव्हा रीतसर सुरू झाली. नामवंत गवयांनी तिला विरोधही केला. परंतु परीक्षकांपुढे नाव न जाता आवाज जावा, ही त्यामागची कल्पना थोर होती. गाणाऱ्याचे आडनाव शेख आहे की शिंदे, हे ऐकणाऱ्याला ठाऊकच नसावे. ज्यांना घर भाड्याने घेतानाही आधी नाव सांगावे लागते आणि मग उत्तर मिळते, त्यांना ह्या कल्पनेची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

सरकारी दरवाजाची ही कथा झाली. बाजाराच्या दरवाजावर दुसरा पहारेकरी बसतो, तो म्हणजे पैसा. अमेरिकेत 1959-60 च्या सुमारास एक मोठे प्रकरण गाजले. गाणी वाजवावीत म्हणून कंपन्या रेडिओवरच्या निवेदकांना चोरून पैसे देत. अॅलन फ्रीड नावाच्या लोकप्रिय निवेदकाची कारकीर्द त्यात संपली. 1960 मध्ये तेथे कायदा दुरुस्त झाला. त्याचा रोख असा की, पैसे घेऊन गाणे वाजवले तर ते श्रोत्यांना सांगा, न सांगता वाजवणे हा गुन्हा. म्हणजे कायद्याने लपवण्याला दोष दिला. हे योग्यच झाले. पण मिरजेच्या आमच्या तरुणाला त्याचा काय उपयोग? त्याच्यापाशी चोरून द्यायलाही पैसे नाहीत आणि उघड द्यायलाही नाहीत. व्यवहार उघड झाला म्हणजे तो खरा होतो, न्याय्य होतोच असे नाही.

मग न्यायाचा पाया कोठे शोधायचा? आमच्या मते तो 'अमानत' ह्या शब्दात आहे. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे केंद्र चालवणारा, मग तो सरकारी अधिकारी असो की परवाना घेतलेली कंपनी, मालक नाही. तो अमीन आहे. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याने ती केवळ आपल्या आवडीप्रमाणे किंवा आपल्या नफ्याप्रमाणे वापरणे, ह्याला आपल्याकडे खयानत म्हणतात.

यावर आजचा आक्षेप ठरलेला आहे. इंटरनेट आहे, यूट्यूब आहे, रेडिओची मिनतवारी कशाला? पण तेथे ज्याचे नाव ठाऊक, त्यालाच माणूस शोधतो. जे आपोआप पुढे येते, ते आधीच गाजलेले असते. रेडिओची खुबी अशी की, रिक्षावाल्याच्या, गिरणीत दळण आणणाऱ्या बाईच्या कानावर न शोधलेले गाणेही पडते. अनोळखी माणसाची अनोळखी माणसाशी तेथे भेट होते.

आता थोडे आपल्याकडे पाहू. उर्दू माध्यमात शिकवताना आम्ही दोन्ही बाजूंचे बोल ऐकतो. मराठीत गाणाऱ्या मुसलमान मुलाला आपले लोक विचारतात, 'उर्दू सोडून मराठीत का?' आणि बाहेरचे कौतुकाने विचारतात, 'तुम्हाला इतकं चांगलं मराठी कसं येतं?' दोघांनीही गाणे ऐकलेले नसते. बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल यांना महाराष्ट्राने शाहीर अमर शेख म्हणून डोक्यावर घेतले, कारण मैदानात लोक आधी आवाज ऐकत होते. संगीत जायज की नाजायज, ह्या वादात आम्ही येथे शिरत नाही. पण ऐकण्याआधी निकाल देणे कोणत्याही मजहबात इन्साफ ठरत नाही. 1990 मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवावे लागले, तेही आपले ऐकले जात नाही ह्याच वेदनेतून. आज आपल्याही हाती संमेलनाचे व्यासपीठ आहे, अंकाची पाने आहेत, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मंच आहे. तेथे मागच्या बाकावरच्याला आपण किती वेळा बोलावतो?

2006 पासून आपल्या देशात स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येतो. त्याच्या कार्यक्रमांत निम्मा वाटा स्थानिक लोकांच्या सहभागाचा असावा, असा दंडक आहे. मोठ्या केंद्रांनीही आठवड्यातला एक तास अशा निराधार गाण्यांसाठी ठेवावा. गाणी नाव झाकून ऐकावीत. आणि नकार द्यायचा तर तो वेळेवर, कारणासह द्यावा. त्या तरुणाला आपल्या गाण्यात काय उणे आहे हे तरी कळेल, आणि तो दुसरे गाणे बांधायला बसेल.