खोटं न बोलणारी गाडी

जर्मनमध्ये जुन्या मोटारीला ‘ओल्डटायमर’ म्हणतात. शब्द दिसायला इंग्रजी, पण इंग्रजीत तो जुन्याजाणत्या माणसाला लावतात. अनुवाद करताना अशा फसव्या शब्दांपाशी मी नेहमी अडखळते. इथे मात्र जर्मनांची चूक झाली असं मला वाटत नाही. गाडीने तिशी गाठली आणि मूळ रूप राखलं, तर तिच्या नंबराच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर लागतं. ‘हिस्टोरिश’ शब्दातलं. १९९७ पासून ही सोय आहे. आपल्याकडे दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावरून हटवण्याचे आदेश २०१५ मध्ये निघाले. एकीकडे वय हा गुन्हा, दुसरीकडे वारसा.

स्टुटगार्टला काही महिने राहत होते तेव्हाची माझी घरमालकीण निवृत्त शिक्षिका. तिच्याकडे १९८३ ची मर्सिडीज २४० डी होती. इंजिन ७२ अश्वशक्तीचं. चढावर सायकलवाले पुढे जायचे असं तीच हसत सांगायची. किल्ली फिरवली की लगेच सुरू करायची नाही. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, प्लग तापू द्यायचे. तेवढा वेळ ती हात मांडीवर ठेवून गप्प बसायची. या मालिकेच्या जवळपास २७ लाख गाड्या १९७६ ते १९८६ या काळात बनल्या, आणि ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकाने त्याआधीच्या पिढीची २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवून अखेर कंपनीच्या संग्रहालयाला दिली. तिला हे आकडे पाठ होते.

नवी गाडी का घेत नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, “नव्या गाडीला माझ्याबद्दल फार माहिती असते आणि मला तिच्याबद्दल काहीच नसते.” तेव्हा मला हे म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. पुढे २०२२ मध्ये बातमी वाचली की बीएमडब्ल्यूने काही देशांत सीट गरम करण्याची सोय मासिक वर्गणीवर ठेवली आहे. तारा सीटमध्ये आधीपासूनच बसवलेल्या, पण पैसे भरेपर्यंत त्या गार. (पुढच्याच वर्षी कंपनीने हा विचार सोडला.) विकत घेतलेली वस्तू आपली कधी होते? पावती फाडल्यावर, की तिचं बॉनेट उघडून आत काय बिघडलंय ते कळल्यावर? घरमालकिणीला पाना धरता येत नव्हता, पण कुठला आवाज कुठून येतो ते कळत होतं. बापाची खोकण्याची तऱ्हा कळावी तसं. माझ्या लेखी मालकीचा एक अर्थ तोच.

इथवर माझंही मन जुन्या गाडीच्याच बाजूचं. अडचण पुढे आहे.

सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालं की फोक्सवागनने जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर घातलं होतं, जे चाचणी चालू आहे हे ओळखायचं. चाचणीपुरता धूर स्वच्छ, रस्त्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यंत्र खोटं बोललं. जुन्या गाड्यांचे भक्त तेव्हापासून हेच उदाहरण देतात: आमची गाडी जे करते ते उघड करते. खरं आहे. पण जिला खोटं बोलताच येत नाही तिच्या खरेपणाचं कौतुक कितपत करायचं? मोह असूनही माणूस खरं बोलतो तेव्हा त्याला आपण सच्चा म्हणतो. मुक्याला म्हणत नाही. आणि तिच्या उघड धुराने कुणाचं भलं होत नाही. त्या इंजिनाला काजळी अडवणारी गाळणी नाही. ‘एच’ पाटीमुळे ती शहराच्या पर्यावरण विभागात बिनदिक्कत फिरते, जिथे हिरवा स्टिकर नसलेल्या गरिबाच्या वीस वर्षांच्या गाडीला मज्जाव असतो. तिशी गाठेपर्यंत गाडी सांभाळणं ज्याला परवडतं त्याच्या धुराला माफी. स्टुटगार्ट दरीत वसलंय, हवा लवकर हलत नाही.

एका सोमवारी वायपरखाली चिठ्ठी सापडली. समोरच्या घरातल्या बाईची, नम्र भाषेतली: मुलाला दमा आहे, सकाळी खिडकी उघडता येत नाही. घरमालकिणीने ती मला मोठ्याने वाचून दाखवली, एका विभक्तीची चूक दुरुस्त केली, आणि सर्व्हिसिंगच्या पावत्यांबरोबर हातमोज्यांच्या कप्प्यात ठेवून दिली. मला रागच आला. गाडी विकण्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

पण त्या आठवड्यापासून ती गाडी उलटी लावू लागली, सायलेन्सर खिडकीकडे नको म्हणून. आता धूर मागच्या द्राक्षमळ्यावर जायचा. मळ्यात माणसं काम करतात, मी म्हटलं. शनिवारी नसतात, ती म्हणाली, आणि मी शनिवारीच काढते.