चहा कोण करणार?

आमच्यात वृद्धाश्रम नसतो, असे आपण मुसलमान अभिमानाने सांगतो. बनी इस्राईल सूरेत आईबापांना ‘उफ’ म्हणण्याचीही मनाई आहे. पण मुलगा आखातात आणि म्हातारी बंद घरात एकटी, हे उरणच्या मोहल्ल्यात आम्ही रोज पाहतो. 2024 च्या जानेवारीत उरणपर्यंत लोकल आली, अटल सेतू खुला झाला. माणसे लवकर घरी येतील असे वाटले होते. लवकर जातात, एवढे खरे.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांच्या आश्रमाची तरतूद केली. दीडशे खाटा मांडता येतील. घर कसे मांडणार? वजूसाठी बसून पाय धुता येतील असा नळ, किब्ल्याकडे तोंड करून खुर्ची मावेल एवढी जागा, आतून लावता येणारी कडी. ही काही खर्चाची कामे नव्हेत.

शेजारच्या खालांना आम्ही विचारले, अशा ठिकाणी जाल का?

“जाईन बेटा. पण तुम्ही भेटायला आलात की चाय मी करणार. शेगडी देतील ना?”

आगीची भीती खोटी नाही, थरथरते हातही खोटे नाहीत. आम्ही गप्प बसलो. खाला उठल्या आणि चाय ठेवायला आत गेल्या.