बिनवल्ह्याची होडी

"खुनाचा प्रयत्न," मामा म्हणाले. "पोराचे हातपाय बांधले, होडीच्या तळाशी टाकलं आणि होडी समुद्रात लोटून दिली. यात देव कुठून आला?"

मामा निवृत्त न्यायाधीश. चित्रपट बघतानाही आधी कलम शोधतात. आम्ही पाहिला होता मार्सेल लेर्बिए या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९२० सालचा मूकपट 'लॉम द्यु लार्ज', म्हणजे भरसमुद्राचा माणूस. गोष्ट ब्रिटनीच्या किनाऱ्यावरची. नॉल्फ या मच्छीमाराला गावाचा आणि गर्दीचा तिटकारा. समुद्र हेच त्याचं देऊळ. मुलगा झाला तेव्हाच त्याने ठरवलं, हा दर्यावर्दी होणार. मुलगी जेन्ना राबते आणि मिशेल लाडावतो. मिशेलला समुद्रापेक्षा गावातला गुत्ता आणि तिथली नाचणारी बाई प्यारी. आई अंथरुणाला खिळलेली असताना हा तिकडेच. ती गेल्यावर तिने जेन्नासाठी ठेवलेले पैसेही हा चोरतो. मग ती होडी.

"देव आला तो नॉल्फच्या मनातून," मी म्हटलं. "मारायचंच असतं तर गळ्यात धोंडा बांधून बुडवता आलं असतं. त्याने तसं केलं नाही. प्रकरण वरच्या कोर्टात पाठवलं, तुमच्या भाषेत."

"वरच्या कोर्टात पाठवताना आरोपीला लाटांवर सोडत नाहीत. आणि ते कोर्ट केव्हाच बंद झालं होतं. १२१५ साली लॅटरनच्या परिषदेत ठरलं की उकळतं पाणी, थंड पाणी, तापलेलं लोखंड असल्या दिव्यांना पाद्र्यांनी आशीर्वाद द्यायचा नाही. नॉल्फच्याच चर्चने देवाला साक्षीला बोलावणं थांबवलं. आणि हा गृहस्थ पुन्हा समन्स काढतोय!"

"आपल्याकडे तर मराठेशाहीतही रवादिव्य होतंच की."

"होतं. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढायचा, हाताला पिशवी बांधून वर मोहोर करायची, मग ठरलेल्या दिवशी हात तपासायचा. मी त्याची वकिली करत नाही. पण तिथे निदान चार लोक समोर असत. नॉल्फच्या दिव्याला साक्षीदार कोण? फिर्यादी तो, न्यायाधीश तो, बेलीफही तोच."

मला एक जुना दाखला आठवला. प्राचीन आयर्लंडच्या कायद्यात काही गुन्हेगारांना होडीत घालून वाऱ्याच्या हवाली करण्याची शिक्षा होती. रक्ताच्या नात्यातल्या माणसाचा खून करणारा त्यात येई, कारण त्याला ठार करायचं तर पुन्हा आपलंच रक्त सांडणार. सेंट पॅट्रिकच्या सातव्या शतकातल्या चरित्रात मॅकूल नावाच्या पुंडाची गोष्ट येते. पॅट्रिक त्याला म्हणतो, तुझा न्याय मी करू शकत नाही, देव करील. पायात बेड्या, त्यांची किल्ली समुद्रात फेकलेली, एका कातड्याची होडी, वल्हं नाही की सुकाणू नाही. वारा त्याला आयल ऑफ मॅनला नेऊन लावतो आणि पुढे तो तिथला बिशप होतो.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "त्याने शिक्षा स्वतः मागितली होती का?"

"हो. गुन्हा कबूल करून."

"मग तो यात्रेला निघाला होता गं. मिशेलला कुणी विचारलं?"

मी वळण घेतलं. "ठीक. मग बाल्झाकचा बाप घ्या." लेर्बिएने हा चित्रपट बाल्झाकच्या १८३० च्या दशकातल्या एका कथेवर बेतला. तिथला कांब्रमेर बिघडलेल्या मुलाला बांधतो आणि सरळ समुद्रात बुडवतो. वाऱ्यावर काही सोडत नाही. नंतर खडकावर बसून राहतो, कुणाशी बोलत नाही. "मला तो जास्त खरा वाटतो. मारलं तर मी मारलं. देवाच्या नावाने हात धुतले नाहीत."

"खरा आहेच. पण खऱ्या बापाचा मुलगा मेला आणि ढोंगी बापाचा वाचला. तू मिशेल असतीस तर कुठला बाप मागितला असतास?"

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. "वाचला तो वाऱ्यामुळे, बापामुळे नाही," एवढंच म्हटलं.

"वारा लागायला होडी तर हवी! हे बघ, मघापासून मी नॉल्फला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, तिथून मी त्याला सोडत नाही. पण त्याच्या श्रद्धेने त्याला एका जागी थांबवलं. शेवटचं काम त्याने स्वतः केलं नाही. सत्र न्यायाधीशाने फाशी सुनावली तरी उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय देता येत नाही. का? शेवट एकाच माणसाच्या हाती नको म्हणून. त्या अडाणी मच्छीमाराच्या होडीत तेवढी फट होती. बाल्झाकच्या बापाने तीही बुजवली."

आमच्या बाजूंची अदलाबदल झाली होती आणि ते दोघांनाही कळत होतं. मामांना अशा वेळी फार आनंद होतो.

"आपला हरिश्चंद्र घ्या मग," मी म्हटलं. "फाळक्यांचा नव्हे." १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये फाळक्यांनी पुराणातला सत्यवचनी राजा घेतला आणि राजपुत्राच्या भूमिकेत स्वतःच्या भालचंद्राला उभं केलं. ऐतरेय ब्राह्मणातला हरिश्चंद्र निराळा. त्याला मूल नाही. तो जलाच्या देवाला, वरुणाला नवस बोलतो: मुलगा दे, तोच तुला अर्पण करीन. मुलगा होतो आणि राजा टाळाटाळ करू लागतो. आधी दहा दिवसांचा होऊ दे, मग दात येऊ देत, ते पडू देत, पुन्हा येऊ देत, मग शस्त्र धरू दे. तो मुलगा, रोहित, मोठा होऊन रानात पळतो आणि राजाला जलोदर होतो. शेवटी बदली मुलगा मिळतो, शुनःशेप. त्याचा बाप अजीगर्त शंभर गाईंना त्याला विकतो. यूपाला, म्हणजे यज्ञाच्या खांबाला, बांधायला कुणी पुढे येईना, तेव्हा आणखी शंभर घेऊन बापच बांधतो. मारायलाही कुणी तयार होईना, तेव्हा आणखी शंभर घेऊन तोच सुरी पाजळत पुढे होतो.

"बेलीफची फी," मामा पुटपुटले.

"शुनःशेप देवांची स्तुती करतो आणि पाश गळून पडतात. आता पुढचं ऐका. बाप म्हणतो, परत चल. तो जात नाही. माझ्यापेक्षा तुला तीनशे गाई मोठ्या वाटल्या, असं तोंडावर सांगतो आणि विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसतो. देवाने सोडवलेला मुलगा बांधणाऱ्या बापाचा राहत नाही, मामा. आणि मिशेल? तो वाचतो, सुधारतो, खलाशी होतो आणि घरी पत्र धाडतो."

"म्हणजे निकाल बापाच्या बाजूने लागला."

"तेच मला डाचतं. तो नेमका बापाला पहिल्या दिवसापासून हवा होता तसाच होतो. लेर्बिएने मुलाला जिवंत ठेवलं आणि बापाला निर्दोष ठरवलं. होडी बुडाली असती तर तोच बाप, त्याच गाठी, तीच प्रार्थना, आणि आपण त्याला खुनी म्हटलं असतं."

"खुनी म्हणायला प्रेत लागतं," मामा म्हणाले. "कायद्यातही प्रयत्न वेगळा आणि खून वेगळा. नशिबाचा वाटा आम्हीसुद्धा काढून टाकू शकलो नाही."

मग बोलणं नॉल्फच्या मौनाकडे गेलं. चित्रपटाची सुरुवातच तिथे आहे: मौनाचं व्रत घेतलेला म्हातारा समुद्राकाठी एकटा राहतो, आणि सगळी कथा मागे जाऊन उलगडते. मूकपटात मौन कसं दाखवणार, असं मला पाहण्याआधी वाटलं होतं. पण मूकपटात माणसं अखंड बोलत असतात. ओठ हलतात, आवाज तेवढा नसतो. लेर्बिए तर पुष्कळ ठिकाणी अक्षरं थेट चित्रावरच उमटवतो. त्या गलबल्यात नॉल्फ झालेल्या रोजे कार्लचा मिटलेला जबडा दिसतो. बोलपटात तो इतका कानठळ्या बसवणारा झाला नसता असं माझं मत आहे. मामांना हे कौतुक फारसं पटलं नाही.

"गप्प बसला म्हणजे उलटतपासणी टाळली," ते म्हणाले.

"मला उलट वाटतं. निवाडा देवाने केला असं तो खरंच मानत असता तर प्रायश्चित्त कशाचं घेतो? ज्याने प्रकरण वर पाठवलं त्याने घरी जाऊन जाळी विणावीत, निकालाची वाट बघावी. हा खडकावर बसून स्वतःलाच जन्मठेप देतो. गाठी आपण मारल्या हे त्याला पक्कं ठाऊक आहे."

मामा जरा थांबले. "युक्तिवाद चांगला आहे. पण आरोपीच्या मौनाचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावायचा नाही, असा आमचा नियम आहे."

"मी कोर्ट नाही."

"ते बरंच आहे. पण समजा, नॉल्फची श्रद्धा आणि शंका दोन्ही खऱ्या असतील तर? होडी सोडताना त्याला वाटलं देव बघेल, आणि ती क्षितिजापार गेल्यावर वाटलं, आपण काय केलं. माणसं अशीच असतात. निकालपत्रावर सही केल्यावर मीही कितीदा रात्री जागा राहिलोय. म्हणून सही खोटी ठरत नाही."

"मग तुम्ही मौनव्रत का नाही घेतलंत?"

"दुसऱ्या दिवशी पुढची तारीख होती," मामा म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनीच जेन्नाचा विषय काढला. सगळ्या वादात तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. चोरी झाली तिच्या पैशांची, आईचं केलं तिने, आणि शेवटी मठात गेली तीच. मिशेलचं पत्रही तिच्याच हाती येतं.

"आता तू सांग," मामा म्हणाले. "ते पत्र दाखवलं की म्हाताऱ्याला वाटणार, देवाने आपल्यावर शिक्का मारला. न दाखवावं तर तो जन्मभर खुनी म्हणून बसून राहणार. पत्र तुझ्या हातात आहे. दिलं असतंस?"

"दिलं असतं," मी म्हटलं. "पण त्याआधी मिशेलला उलट टपालाने विचारलं असतं, आईच्या पैशांचं काय केलंस."

"आणि त्याने कळवलं, संपले?"

"तरी दिलं असतं. ती ओळ वर ठेवून."