योगक्षेम कोणी वाहावा?

बारावीचा निकाल लागला की मराठी घरांत, मग ते घर पणजीत असो, बेळगावात असो, की इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडे असो, एक जुना वाद नव्याने सुरू होतो. मुलास इतिहास शिकावयाचा असतो आणि वडिलांच्या मनात संगणक अभियांत्रिकी असते; मुलीस गाणे अथवा संस्कृत हवे असते आणि तिने निदान औषधनिर्माणशास्त्राची पदवी पदरी बांधून घ्यावी असे आईस वाटते. हा वाद बहुधा दोन शब्दांत मांडला जातो : आवड की पोट. अशा मांडणीतच त्याचा निकाल लागून जातो. आवडीच्या बाजूने बोलणारास आपण थोर ठरवतो, पोटाच्या बाजूने बोलणारास क्षुद्र ठरवतो, आणि मग व्यवहारात ऐकतो मात्र त्या क्षुद्राचेच. विचारात एकास मान आणि आचारात दुसऱ्यास, ही वाटणी आम्हांस फारशी प्रामाणिक वाटत नाही.

ह्या वाटणीस आधार म्हणून कठोपनिषदातील श्रेय आणि प्रेय ह्यांचा दाखला व्याख्यानांतून पुष्कळदा दिला जातो. आवडीचा विषय म्हणजे श्रेय आणि पैसा म्हणजे प्रेय, असे ते समीकरण असते. परंतु मूळ प्रसंग पाहिला तर समीकरण जमत नाही. नचिकेत्यापुढे यम संपत्ती, दीर्घायुष्य, हत्ती-घोडे ठेवतो, तशी गाण्या-बजावण्याची सोयही ठेवतो. जे जे मनास गोड वाटते ते सारे तेथे प्रेयातच मोडते. आवड ही केवळ आवड आहे एवढ्यावरून श्रेयस्कर ठरत नाही, हे आमच्या तरुण मित्रांनी ध्यानात घ्यावे. त्याच ठिकाणी असेही म्हटले आहे की, मंदबुद्धीचा मनुष्य प्रेयाची निवड करतो ती योगक्षेमासाठी. नाही ते मिळवणे हा योग, मिळाले ते राखणे हा क्षेम. उपनिषदाने योगक्षेमास असे जरा खालच्या पंक्तीस बसवले खरे. गीतेत मात्र अनन्यभावाने भजणाऱ्यांचा योगक्षेम वाहण्याचे आश्वासन प्रत्यक्ष भगवंतांनी दिले आहे. (आपल्या आयुर्विमा महामंडळाने तेच वचन आपल्या बोधचिन्हावर घेतले, आणि वेळेवर हप्ते भरण्याच्या अटीवर ते पाळलेही.)

ही दोन वचने शेजारी ठेवून पाहिली म्हणजे आमच्या प्रश्नाचे मर्म हाती येते. योगक्षेमाकडे पाठ फिरवली म्हणून तो नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी खांद्यावर जाऊन बसतो. भगवंत वाहतील तेव्हा वाहतील. तोपर्यंत, म्हणजे विद्या हाती येऊन तिला दोन घास मिळू लागेपर्यंतची आठ-दहा वर्षे, हे ओझे घरातील कोणाच्या खांद्यावर असते?

गोमंतकीय वाचकांस धर्मानंद कोसंबींचे चरित्र नवे नाही. १८७६ साली सांखवाळ येथे जन्म, शाळेतले शिक्षण बेताचेच, तरुणपणी घरच्या नारळीच्या बागायतीची देखरेख. एका मराठी मासिकात बुद्धाविषयीचा लेख वाचण्यात आला, आणि बुद्धाचा धर्म मुळातून समजून घेतल्यावाचून त्यांस चैन पडेना. १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी, काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृताचे अध्ययन, तेथून नेपाळ, आणि १९०२ साली सिंहलद्वीपात जाऊन पालीचा अभ्यास व भिक्षुदीक्षा. ज्या विद्येसाठी हा सारा खटाटोप चालला होता तिला त्या काळी हिंदुस्थानात बाजारभाव म्हणून नव्हताच. पाली शिकून पुढे काय, असे कोणी विचारले असते तर त्यांना स्वतःलाही सांगता आले नसते. पुढे कलकत्त्यास पालीचे अध्यापन झाले, हार्वर्डमध्ये विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम झाले, पुण्यास फर्गसन महाविद्यालयात अध्यापन झाले. परंतु पुढे हे सर्व झाले म्हणून आधीचा निर्णय बरोबर होता असे म्हणणे म्हणजे सोडत लागलेल्या मनुष्यास हिशेबी म्हणण्यासारखे आहे. निर्णय तोलावयाचा तर तो १८९९ सालच्या तराजूत तोलला पाहिजे.

त्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पत्नी बाळाबाई होत्या आणि लहान मुलगी होती. वाटेवरचे हाल धर्मानंदांनी स्वतः सोसले, आणि ते किती होते हे १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'निवेदना'त वाचावयास मिळते. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत आम्ही त्याची गणना करतो. बाळाबाईंनी निवेदन लिहिले नाही. नवरा दूरदेशी गेला आहे, परतेल की नाही ठाऊक नाही, अशा स्त्रीस त्या काळच्या गोव्यात कोणाच्या आधाराने राहावे लागे आणि काय काय ऐकून घ्यावे लागे, हे आपल्या आज्या-पणज्यांकडून ज्यांनी ऐकले असेल त्यांस वेगळे सांगावयास नको.

आम्ही येथे धर्मानंदांस आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. ते घरी राहिले असते तर बुद्धविचाराचे मुळाबरहुकूम ज्ञान मराठीत इतक्या लवकर आणि इतक्या सोप्या भाषेत आले नसते. ही हानी लहान नव्हती. परंतु त्या ज्ञानाचे मोल ज्यांनी दिले त्यांत बाळाबाईंचे नाव लिहावयास हवे, आणि ते मोल त्यांस न विचारता घेतले गेले हेही लिहावयास हवे. एक गोष्ट खरी म्हणून दुसरी खोटी होत नाही. थोरांच्या चरित्रांतून 'सर्वस्वाचा त्याग' असे शब्द आपण सहज लिहून जातो. ते सर्वस्व नेमके कोणाचे होते, हे एकदा थांबून पाहावे असे आम्हांस वाटते.

ह्याच चरित्रात बडोद्याचे एक प्रकरण आहे. धर्मानंदांनी महाराष्ट्रात राहून लेखन करावे म्हणून सयाजीराव गायकवाडांनी त्यांस दरमहा ५० रुपये देऊ केले, आणि कलकत्त्याची अधिक प्राप्तीची जागा सोडून धर्मानंदांनी ते पत्करले. त्याच बडोद्याने १९१३ साली भीमराव आंबेडकरांस दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तिच्यासोबत दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. आंबेडकरांनी अर्थशास्त्र निवडले ते आवडीने की पोटासाठी, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत विचारून पाहावा. तो विचारताच येत नाही. अमेरिकेत शिकून १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्या शहरात त्यांस राहावयास खोली मिळेना. आवड की पोट, असा पेच ज्यास पडू शकतो त्याच्या पायांखाली काही जमीन आधीच असते. ज्यास ती मुळी मिळालेलीच नाही त्याने पदवीकडे, पगाराकडे, वकिलीच्या सनदेकडे डोळा ठेवला तर त्यास द्रव्यलोभी म्हणणे हा शुद्ध उर्मटपणा होय. आणि येथेही मुंबईत रमाबाई होत्या. पती परदेशी शिकत असता त्यांनी कसे दिवस काढले हे महाराष्ट्रास ठाऊक आहे.

आमच्या गोमंतकात तर ह्या प्रश्नाची एक बाजू अशी आहे की जी इतरत्र सहसा दिसत नाही. येथील कलावंत घराण्यांत गाणे हीच उपजीविका होती; आवड आणि पोट ह्यांत तेथे अंतर नव्हते. मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर ह्यांच्यासारख्या गायिका त्याच परंपरेने दिल्या. तरीही त्या समाजातील सुधारकांनी आपल्या मुलामुलींस शाळेत घातले, वैद्यक, अध्यापन, वकिली अशा चारचौघांसारख्या धंद्यांकडे वळवले, कारण त्या गाण्याभोवती जी सामाजिक अप्रतिष्ठा लोकांनी गुंफली होती तिच्यातून त्यांस बाहेर पडावयाचे होते. त्या घरांतील एखाद्या मुलीने तंबोरा खाली ठेवून गणिताचे पुस्तक उचलले असेल, तर त्या क्षणी स्वातंत्र्य कोणत्या बाजूस होते? कलेची वाट सोडून कारकुनी पत्करणाऱ्याविषयी हळहळ व्यक्त करणाऱ्या लेखकांनी ह्याचे उत्तर द्यावे.

ह्यावरून आम्ही पोटाच्या पक्षास जाऊन मिळालो असे कोणी समजू नये. त्या पक्षाचा मुख्य आधार म्हणजे निश्चिती. आणि आमच्यासारख्या महाराष्ट्राच्या कडेकडेने वसलेल्या लोकांइतका निश्चितीचा फोलपणा कोणी पाहिला असेल असे वाटत नाही. गोव्यात ज्यांनी लिसेवमध्ये पोर्तुगीज शिकून सरकारी जागेचा मार्ग धरला त्यांच्या हातातील नाणे १९६१ सालच्या डिसेंबरात चलनातून गेले. हैदराबादेस १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. जाणत्या बापाने मुलास उर्दूत पारंगत करावे हाच तेथे शहाणपणा होता, १९४८ पर्यंत. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील दरबारी नोकऱ्या पिढ्यान्पिढ्या चालतील असे मानणाऱ्या घरांनी १९४८ आणि १९४९ ह्या दोन वर्षांत संस्थानेच विलीन झालेली पाहिली. बेळगाव १९५६ साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि कचेरीची भाषा बदलली. ह्या साऱ्या ठिकाणचे बाप काही मूर्ख नव्हते. त्यांनी केलेला हिशेब त्या दिवसापुरता बरोबरच होता. आज संगणकाच्या विद्येविषयी जे छातीठोकपणे बोलतात त्यांनी आपल्या आजोबांची सेवापुस्तिका एकदा काढून पाहावी.

मग मधली वाट म्हणून एक सल्ला दिला जातो : नोकरी कर, आणि आवड संध्याकाळी जोपास. हा सल्ला वाटतो तितका वाईट नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत होते आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत होते. त्या ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली आणि अखेरचा १९६२ साली निघाला, आणि १९६३ साली त्यांस भारतरत्न मिळाले. पण काण्यांची वकिली आणि त्यांचे धर्मशास्त्र ही शेजारची शेते होती, एकाच्या पाटाचे पाणी दुसऱ्यात जात होते, हे विसरून चालणार नाही. भातखंडेही १८८७ साली कायद्याची पदवी घेऊन वकिली करू लागले आणि संगीताचे अध्ययन बरोबरीने चालू ठेवले. पत्नी आणि मुलगी ह्यांच्या निधनानंतर त्यांनी वकिली सोडली आणि संगीतासाठी भारतभर हिंडले. १९१६ सालची बडोद्याची संगीत परिषद आणि ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय ही त्यांच्या उत्तरायुष्यातील कामे. त्यांचा विषय संगीताचे शास्त्र हा होता म्हणून ते काही वर्षे वकिलीशेजारी नांदू शकले. गळा मात्र असा थांबत नाही; दहा वर्षे सकाळचा रियाज चुकला की तो चुकलाच. प्रयोगशाळेतील विज्ञान स्वयंपाकघरात करता येत नाही. इतिहास, भाषा, काव्य ह्या सोशिक विद्या आहेत, त्या उरलेल्या वेळावरही जगतात. सगळ्याच विद्या तशा नाहीत. सल्ला देणाराने निदान कोणत्या विद्येविषयी आपण बोलत आहोत एवढे तरी विचारावे.

घरात ह्या गोष्टी बोलल्या जातात त्या भलत्याच भाषेत बोलल्या जातात असे आमचे निरीक्षण आहे. मुलगा 'माझे स्वप्न' म्हणतो, बाप 'तुझे भविष्य' म्हणतो, आणि आकडा कोणीच उच्चारत नाही. घरावर कर्ज किती, वडिलांच्या निवृत्तीस वर्षे किती, आजीच्या औषधास महिन्याला काय लागते, हे सतरा-अठरा वर्षांच्या मुलास सांगण्यात कमीपणा कसला? आकडा नसलेली भीती वाढतच जाते. आकडा कळला तर मुलगा कदाचित आपण होऊन चार वर्षे थांबेल. कदाचित बापासच कळेल की आपण भीत होतो तितके भय नाही. आणि मुलाने आपली बाजू मांडताना केवळ 'मला आवडते' म्हणू नये. त्या विषयातील रुक्ष, कंटाळवाणा भाग, म्हणजे शब्दांची रूपे, सनावळ्या, पलटे, त्याने करून पाहिला आहे काय? काशीच्या अन्नछत्रातील जेवणासह जे हवेसे वाटते त्यास आम्ही आवड म्हणू. इतर पुष्कळदा त्या विषयातील माणसाच्या कीर्तीची हौस असते.

ह्या बोलण्यात आणखी एक माणूस हजर हवे, आणि ते बहुधा नसते : घरातील बहीण. मुलाच्या आवडीच्या विषयासाठी घराने पदरमोड केली आणि मुलीस 'पदवी पुरे' म्हणून सांगितले, अशी घरे आमच्या परिचयात एकदोन नाहीत. तेथे भावाच्या विद्येचा योगक्षेम बहिणीने वाहिला, आणि त्याची नोंद कोठेही नाही. ज्याच्या वाट्याचे आपण घेतो त्यास आधी विचारावे, आणि त्याने 'नाही' म्हटले तर ते 'नाही' ऐकून घ्यावे. आवडीचा विषय निवडण्याचा अधिकार ह्या अटीवर आम्ही संपूर्ण मान्य करतो. विचारणे म्हणजे मात्र खरेच विचारणे. जिला नकार देण्याची सोय नाही तिची संमती संमती नव्हे.

परंतु हे ओझे घरानेच का वाहावे, असेही कोणी विचारील, आणि ते विचारणे रास्त आहे. परमुलखात राहणाऱ्या मराठी आणि कोंकणी माणसांनी मंडळे काढली, सभागृहे बांधली, गणेशोत्सव चालवले. गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कारही होतात; शाल, श्रीफळ, पाकीट. पाकीट बहुधा ज्यास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला त्याच्या हाती जाते, म्हणजे ज्याचा योगक्षेम आधीच निम्मा सुटला आहे त्याच्या हाती. सयाजीरावांचे ५० रुपये हे बक्षीस नव्हते. एका माणसाने जेवावे आणि लिहावे ह्याची ती महिन्याच्या महिन्याला केलेली सोय होती. एखाद्या मंडळाने आपल्या वार्षिक समारंभाच्या मंडपाचा खर्च एका वर्षी वाचवून भाषाशास्त्र, इतिहास अथवा शुद्ध गणित शिकू पाहणाऱ्या एकाच मुलीस तीन वर्षे दरमहा ठरावीक रक्कम देण्याचे ठरवले, तर अर्ज किती येतील ह्याविषयी आम्हांस कुतूहल आहे. ज्या मंडळास हा प्रयोग करावासा वाटेल त्याने आम्हांस कळवावे; अर्जाचा मसुदा तयार करण्यास आम्ही हातभार लावू.