अवलोकनार्थ

पक्षी पाहण्यासाठी सायकलीसारखे वाहन नाही. तिला आवाज नसतो, आणि थांबायचे तर एक पाय टेकला की पुरे. शास्त्रीनगरातून पहाटे नाहरगडच्या डोंगराच्या दिशेने निघालो, की तासाभरात पंधरा-वीस जाती सहज नोंदता येतात. कोणाच्या गच्चीच्या कठड्यावर मोर, विजेच्या तारेवर कोतवाल, आणि घरी परतावे तो अंगणातल्या मातीत भांडणारे सातभाई. मी वही ठेवतो. नोंद झाल्यावाचून दिसलेले खरेच दिसले असे कारकुनाला वाटत नाही.

गेल्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एका कडुनिंबात मांज्यात गुंतलेला होला उलटा लोंबत होता. मी पाय टेकला, वही काढली आणि लिहिले : ‘होला, १’. लिहून झाल्यावर मग तो मला दिसला. तोवर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने बांबू आणलाही होता. पक्षी सुटला, पंख मात्र सांध्याजवळ चिरला होता.

विलंब फार तर अर्ध्या मिनिटाचा; पण तो मनातून जात नाही. मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता केवळ पाहतो. या पाहणाऱ्याला आपण नेहमीच वरचे आसन दिले. कार्यालयातसुद्धा ‘अवलोकनार्थ’ आलेल्या कागदावर सही केली की आपण मोकळे. परंतु उपनिषदातला साक्षी खरोखरच काही खात नाही. मी तर त्याच आठवड्यात हांडीपुऱ्यातून मुलांसाठी पतंग आणि मांजा आणला होता. दोरा सुती होता. कृत्रिम धाग्याच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, आणि मी नियम पाळणारा माणूस आहे. धार सुती मांज्यालाही असते, हे मात्र मी मनात येऊ दिले नाही. सायंकाळी पाच ते सात ही पाखरे परतण्याची वेळ. तेव्हा पतंग उडवू नयेत असा जिल्हा प्रशासनाचा आदेश निघत आला आहे. आम्ही अंधार पडेपर्यंत गच्चीवर होतो.

भरतपूरच्या केवलादेवात १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. आकडा दगडावर कोरलेला आहे. म्हणजे वही शिकाऱ्यांचीही चोख होती. आमची मोजणी रक्षणासाठी असते, असे यावर कोणी म्हणेल, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण त्याच भरतपुरात हिवाळ्यामागून हिवाळे सायबेरियन क्रौंच मोजले गेले, आकडा उतरत गेला, आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. मोजणारे तेव्हा कमी नव्हते. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. क्रौंच पडत होते ते वाटेवरच्या दूरदेशी. माझा होला माझ्याच गल्लीत लोंबत होता.

मुलांना मी अजून काही सांगितलेले नाही. जयपुरात संक्रांतीला ज्याच्या हाती चरखी नाही ते पोर एकटे पडते, आणि आमची पोरे आधीच परगावची. डिसेंबर लागला आहे. हांडीपुऱ्याला कधी जायचे, म्हणून धाकटा रोज विचारतो. मी रविवार सांगितला आहे.